धरलेली पाठ आणि कायरोप्रॅक्टिक: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

भातलावणीचा तिसरा-चौथा दिवस उजाडला की कोकणात घरोघरी ऐकू येतं, "उसण भरली." मग कोणी पायाळू माणूस शोधून त्याचा पाय पाठीला लावून घेतं, कोणी नातवाला पाठीवर चालवतं, कोणी हाड बसवणाऱ्याकडे जातं. आता त्यात मोबाईलवरच्या व्हिडिओंची भर पडली आहे. टेबलावर आडवा झालेला माणूस, एक झटका, कट्कन आवाज, आणि उठल्यावर चेहऱ्यावर हसू. मणक्यांवर हाताने झटका देण्याच्या या उपचाराला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. ते बघून आपणही एकदा करून घ्यावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी जाण्याआधी हे वाचावं.

'मणका सरकला' हे आधी डोक्यातून काढा

कण्यात हलणारे मणके २४: मानेत ७, छातीच्या मागे १२, कंबरेत ५. दोन मणक्यांमध्ये पुढच्या बाजूला गादी म्हणजे डिस्क असते आणि मागे डावीकडे-उजवीकडे एकेक छोटा सांधा असतो. त्याला फॅसेट सांधा म्हणतात. गुडघ्यासारखंच त्याला आवरण असतं, आत वंगण असतं. एखादी वाकडी हालचाल झाली किंवा तासन् तास एकाच स्थितीत राहिलं, की हा सांधा चिडतो, आजूबाजूचे स्नायू त्याला आवळून धरतात आणि तो नीट हलेनासा होतो. दार चौकटीतच असतं, धरलेली असते ती बिजागरी.

म्हणून 'मणका सरकला होता, जागेवर बसवला' असं कोणी सांगितलं तर ते शब्दशः खरं मानू नका. मणका खरोखर पुढे सरकण्याचा एक आजार आहे, त्याला स्पॉन्डिलोलिस्थेसिस म्हणतात. तो एक्स-रेत दिसतो, आणि हाताने दाबून मागे जात नाही.

कट् आवाजाचंही तसंच. सांध्याच्या वंगणात विरघळलेला वायू असतो. सांध्याचे पृष्ठभाग झटकन एकमेकांपासून दूर गेले की आतला दाब उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते. तोच तो आवाज. २०१५मध्ये संशोधकांनी एमआरआयमध्ये बोट मोडताना ही पोकळी तयार होताना प्रत्यक्ष पाहिली. मोडलेलं बोट लगेच पुन्हा मोडत नाही, मध्ये साधारण वीस मिनिटं जावी लागतात, मणक्याचंही तसंच. आवाज आला म्हणजे हाड बसलं असं नाही, आणि नाही आला म्हणून उपचार फुकट गेला असंही नाही. आवाजासाठी एकाच जागी पुन्हा पुन्हा झटके देणारा माणूस दिसला तर टेबलावरून उठा.

मग झटक्याने होतं काय? आवळलेले स्नायू सैल पडतात, दुखणं काही वेळ कमी होतं, हालचाल थोडी वाढते. हा मोकळेपणा काही तासांचा, फार तर एक-दोन दिवसांचा असतो. तेवढ्या वेळात पाठ नीट हलवून घेतली तर फायदा टिकतो. घरी येऊन आडवं झालं तर पाठ पुन्हा होती तशी धरते. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

कुठून आलं, किती उपयोगाचं

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी १८९५मध्ये डी. डी. पामर यांनी ही पद्धत सुरू केली. मणके जागा सोडतात, नसा दबतात आणि त्यातून बहुतेक आजार होतात, हा त्यांचा सिद्धान्त. तो विज्ञानात टिकला नाही. टिकलं ते पाठ-मानेच्या दुखण्यापुरतं हाताचं काम. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत नव्या कंबरदुखीसाठी शेक, मालीश यांच्या जोडीला मणक्यांवरचे हस्तोपचारही घेतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये जुनाट कंबरदुखीच्या उपचारांत त्यांना जागा दिली, तीही अटींसह. जुनाट कंबरदुखीवरच्या ४७ चाचण्या एकत्र करून २०१९मध्ये जो आढावा निघाला, त्यात या उपचारांचा गुण व्यायामासारख्या शिफारस केलेल्या इतर उपचारांच्या जवळपास निघाला. म्हणजे उपाय खरा आहे, पण चमत्कार नाही. मधुमेह, दमा, मुलांची कानदुखी मणक्यातून बरी करतो म्हणणाऱ्याकडे पाठसुद्धा दाखवू नका.

पहिली पायरी: दुखणं सांध्याचंच आहे ना?

फॅसेट सांध्याचं दुखणं बहुधा एका बाजूला, कण्याच्या मधल्या रेषेपासून दोन-तीन बोटांवर असतं. मागे वाकलं, वळलं किंवा बराच वेळ उभं राहिलं की वाढतं, पुढे वाकलं की बरं वाटतं. ते कुल्ल्यात, मांडीत उतरू शकतं, पण सहसा गुडघ्याच्या खाली जात नाही. बसल्यावर, पुढे वाकल्यावर, खोकला-शिंक आल्यावर कळ पिंढरीत किंवा पावलापर्यंत जात असेल, तर संशय डिस्क आणि नसेवर घ्यायचा. तिथे उपचाराची दिशा वेगळी असते.

ताठरपणा किती वेळ टिकतो ते घड्याळावर बघा. सकाळी उठल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पाठ सुटली तर बहुधा साधं प्रकरण. पण वय चाळिशीच्या आतलं, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त, विश्रांतीने वाढणारा आणि हालचालीने कमी होणारा, पहाटे झोपेतून उठवणारा, असं तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललं असेल तर आधी संधिवाततज्ज्ञांना दाखवा. अँकिलॉझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे कण्याचे सांधे जुळवून टाकणारा संधिवात, असा सुरू होतो. त्यात जुळून गेलेल्या कण्याला झटका दिला तर मणका मोडू शकतो.

दुसरी पायरी: या खुणा असतील तर टेबल नाही, दवाखाना

लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, दोन्ही मांड्यांच्या आतला भाग आणि बैठकीची जागा बधिर झाली, पायातली ताकद कमी होत चालली: यातली एकही गोष्ट झाली तर त्याच दिवशी रुग्णालय. यात तासांचा हिशेब असतो. 'उद्या बघू' म्हणून कायमचं अपंगत्व येऊ शकतं.

माडावरून, आंब्यावरून, कौलांवरून पडलेल्या माणसाला उठवून बसवू नका, रिक्षात तर कोंबूच नका. १०८ला फोन करा. हलवणं टाळताच येत नसेल तर डोकं, धड आणि पाय एका रेषेत धरून चौघांनी एकदम फळीवर घ्या. पडल्यावर दोन दिवसांनी पाठ चोळायला जाणारे बरेच असतात. तिथे आधी एक्स-रे.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. शेतात, चिखलात काम करून आल्यावर ताप, अंगदुखी, विशेषतः पिंढऱ्या आणि कंबर ठणकणं, डोळे लाल होणं, ही लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) लक्षणं असू शकतात. याला 'लावणीची कंबर' समजून दोन दिवस काढणं महागात पडतं. अशा तापात मनाने वेदनाशामक गोळ्याही घेऊ नका, मूत्रपिंडावर ताण येतो.

याशिवाय: पूर्वी कर्करोग झालेला असणं, कारण नसताना वजन घटणं, संध्याकाळचा बारीक ताप आणि रात्रीचं दुखणं (आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग विसरून चालत नाही), हाडं ठिसूळ झालेली असणं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणं, संधिवाताने मानेचे सांधे सैल झालेले असणं. यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय झटक्याचा उपचार नको. वातावरच्या बिनलेबलच्या पुड्या वर्षानुवर्षं घेतल्या असतील तर तेही सांगा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे, आणि स्टेरॉइडने हाडं पोकळ होतात. साठीच्या बाईला पालथं झोपवून पाठीत दिलेल्या झटक्याने बरगडी मोडते ती यामुळे.

तिसरी पायरी: पहिला आठवडा-दहा दिवस घरीच

धोक्याची खूण नसेल तर लगेच कुठे धावायची गरज नसते. नवी कंबरदुखी बरीचशी काही आठवड्यांत आपोआप उतरते. अंथरुणाला खिळू नका. एक-दोन दिवसांपेक्षा जास्त पडून राहिलं की पाठ आणखी धरते. गरम पाण्याच्या पिशवीने १५ ते २० मिनिटं शेका, दिवसातून दोन-तीनदा, पिशवी टॉवेलात गुंडाळून. सपाट जागी दहा मिनिटं चाला, तीन वेळा. नातवाला पाठीवर चालवणं बंद. पोराचा पाय नेमका कुठल्या बरगडीवर पडेल याची खात्री कोणी देत नाही. धोक्याची खूण नसताना पहिल्या सहा आठवड्यांत एक्स-रे किंवा एमआरआय काढून सहसा काही हाती लागत नाही. उलट वयानुसार झालेली झीज दिसते आणि माणूस उगाच घाबरतो.

चौथी पायरी: हात कोणाचा?

वैद्यक परिषदेसारखी कायद्याने स्थापन झालेली कायरोप्रॅक्टरांची वेगळी परिषद भारतात नाही. त्यामुळे पाटी कोणीही लावू शकतो, आणि काही दिवसांच्या कोर्सवर लावतातही. जागतिक आरोग्य संघटनेने २००५मध्ये सांगितलेलं पूर्ण शिक्षण किमान ४,२०० तासांचं आहे, चार वर्षं पूर्ण वेळ. असं शिकलेली माणसं भारतात मोजकी आणि ती बहुतेक मोठ्या शहरांत. म्हणून कोकणातल्या माणसाला आमचं सांगणं असं की आधी जवळचा फिजिओथेरपिस्ट बघा, मॅन्युअल थेरपी शिकलेला आणि महाराष्ट्राच्या परिषदेकडे नोंदणी असलेला. सांधे हलके हलके हलवण्याचं काम, आणि प्रशिक्षण असेल तर झटक्याचंही, तो करतो. शिवाय व्यायाम शिकवतो. नुसत्या झटक्यासाठी सावंतवाडीहून मुंबई गाठायची आणि रात्रीच्या गाडीने आठ-दहा तास बसून परत यायचं, यात मिळालेला मोकळेपणा गाडीतच संपतो. गेलातच तर एक रात्र मुक्काम करा.

फोनवरच विचारा: शिक्षण कुठे, किती वर्षांचं? नोंदणी आहे का? आधी तपासणी करता का? व्यायाम देता का? किती भेटींनंतर 'गुण नाही' असं मान्य करता? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात आलं पाहिजे. पहिल्याच दिवशी वीस-तीस भेटींचं पॅकेज पुढे केलं, पैसे आगाऊ मागितले, की नमस्कार करून बाहेर पडा.

पाचवी पायरी: पहिली भेट

सैल कपडे घाला, पोट तुडुंब नको. चालू गोळ्यांची पाकिटंच बरोबर न्या; 'बीपीची पांढरी गोळी' एवढ्यावरून कोणाला काही कळत नाही. निम्मा वेळ विचारपूस आणि तपासणीत जायला हवा. उताणं झोपवून सरळ पाय वर उचलून बघणं, गुडघ्याखाली आणि टाचेमागे हातोडी मारणं, पायाचा अंगठा वर उचलायला लावून ताकद बघणं, टाचांवर आणि चवड्यांवर चालवणं, त्वचेची जाणीव बघणं. मग पालथं झोपवून एकेका मणक्यावर अंगठ्याने दाबत कुठला हलतो, कुठला धरलेला आहे हे चाचपणं. हे काहीच न करता थेट टेबलावर घेणारा हात कितीही नावाजलेला असो, नको.

कंबरेचा नेहमीचा झटका कसा असतो ते माहीत असलेलं बरं, म्हणजे अंग आखडत नाही. तुम्हाला कुशीवर झोपवतात, बहुधा दुखरी बाजू वर. खालचा पाय सरळ, वरचा गुडघ्यात दुमडून त्याचं पाऊल खालच्या गुडघ्यामागे. खालचा हात पुढे ओढून छाती छताकडे वळवतात, कमरेखालचा भाग उलट दिशेला. जिथे ताण पुरता भरतो, तिथे दहा-पंधरा सेकंद थांबायला हवं. ही थांबण्याची वेळ तुमच्या बोलण्याची आहे. कळ पायात उतरली, मुंग्या आल्या, तर तिथेच सांगा. झटका द्यायचा नाही. सगळं ठीक असेल तर श्वास सोडायला सांगतात आणि सोडता सोडता छोटा, वेगवान धक्का बसतो. जोर कमी, वेग जास्त. पूर्ण वजन टाकून दाबणं हे कसब नसल्याचं लक्षण. तुम्ही फक्त जबडा सैल सोडा आणि 'मदत' करू नका.

झटका नकोच असेल तर तसं स्पष्ट सांगा. सांधा लयीत हळूहळू हलवणं, खाली उतरणाऱ्या भागांचं ड्रॉप टेबल, किंवा पुढे झुकवत ताण देणारं टेबल, असे सौम्य पर्याय आहेत. वयस्कर माणसांना, गरोदर स्त्रियांना (त्यांच्या डॉक्टरांना विचारून) तेच बरे.

मानेचं वेगळं. मान फिरवून दिलेल्या झटक्यानंतर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. घटना विरळ, पण परिणाम भयंकर. नवख्याने मानेला झटका घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मान हलकेच हलवून आणि व्यायामाने पुष्कळ सुटते. अचानक, पूर्वी कधी झाली नाही अशी मानदुखी किंवा डोकेदुखी, चक्कर, दोन-दोन दिसणं, बोबडी वळणं, गिळताना अडणं, चेहरा बधिर होणं यांपैकी काही आधीपासून असेल तर मानेला हात लावू देऊ नका. नंतर झालं तर तडक रुग्णालय. आणि दाढी-कटिंगनंतर 'कट्' करून मान मोडून देणाऱ्या सलूनवाल्याला हात जोडा.

सहावी पायरी: पुढचे दोन दिवस, पुढचे दोन आठवडे

निम्म्या लोकांना पहिल्या २४ तासांत अंग आंबल्यासारखं होतं, बहुधा ४८ तासांत ते उतरतं. घाबरू नका. पण पायात नवी कळ, बधिरपणा किंवा ताकद कमी झाल्यासारखं वाटलं तर ते 'मुरतंय' नव्हे. उपचाराच्या दिवशी जड उचलणं नको, दुचाकीवरून खड्ड्यांतून फिरणं नको. चालणं हवं, आणि हवेत खालचे व्यायाम, त्याच संध्याकाळपासून.

सुरुवातीलाच वहीत तीन कामं लिहा, जी पाठीमुळे अडतात: विहिरीतून पाणी ओढणं, मांडी घालून जेवणं, विळीवर अर्धा तास बसणं, जे असेल ते. प्रत्येकाला ० ते १० गुण द्या. ० म्हणजे अजिबात जमत नाही, १० म्हणजे पूर्वीसारखं. गुडघे सरळ ठेवून वाका आणि मधल्या बोटापासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. चार ते सहा भेटी, साधारण दोन ते चार आठवडे, ही चाचणी. तेवढ्यात गुण दोनने तरी वाढले नाहीत तर उपचार बदलायचा. चालू ठेवायचा नाही.

व्यायाम चारच, पण रोज. हात-गुडघे टेकून ओणवं होऊन मांजर-उंट: पाठ वर फुगवायची, खाली सोडायची, सावकाश ८ ते १० वेळा. उताणं झोपून दुमडलेले गुडघे दोन्ही बाजूंना लोळवणं, एका बाजूला १०. ओणव्या स्थितीत उजवा हात आणि डावा पाय लांब करून ८-१० सेकंद, मग उलट, प्रत्येक बाजूला पाच. आणि पाठीमागे उभी काठी धरून कुल्ल्यातून वाकणं: काठी डोक्याला, खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडाच्या वर अशी तीन ठिकाणी टेकलेलीच राहिली पाहिजे. वाकताना एखादी जागा सुटली तर तुम्ही कंबरेतून वाकलात. इथेच बहुतेक जण चुकतात. उठल्या उठल्या पहिला अर्धा-एक तास खोल वाकणं टाळा; रात्रभरात डिस्क पाणी शोषून फुगलेली असते.

कामाच्या जागी

लावणीत दर वीस मिनिटांनी उभं राहा, हात कंबरेवर ठेवून पाच वेळा मागे झुका. चिखलात पाय रुतलेला असताना नुसतं कमरेतून वळून रोपांची मूठ घेऊ नका, पाऊल उपसून वळा. उसण बहुधा याच क्षणी भरते. मुठी दोन्ही हातांना येतील अशा टाकून ठेवा. आंब्याच्या हंगामात पाव किलोचं फळ धरलं तरी पाच डझनांचे १५ किलो होतात, वर पेटीचं वजन. पेटी जमिनीवर नको, गुडघ्याच्या उंचीच्या फळीवर भरा, म्हणजे उचलताना निम्मं वाकणं वाचतं. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना दोर नेहमी एकाच बाजूला येतो. अर्ध्यात बाजू बदलून घ्या. आणि एसटीने जायचं तर मागच्या चाकांच्या मागची जागा सोडा. खड्डा आला की सगळ्यात उंच उडते ती तीच.